तिसरी हाक

जुनी इमारत रिकामी करा, ऑफिस नव्या जागेत हलवा, आणि त्याआधी इमारतीचा इतिहास एका पानात लिहून पाठवा, असा हुकूम आला तेव्हा मी आधी चहा मागवला आणि मग कपाळाला हात लावला. शंभरावर वर्षं उभी असलेली इमारत, आणि तिच्या वाट्याला एक पान! वर 'फोटो जोडावा' हेही होतंच. साहेबलोकांना इतिहास कसा हवा असतो, ते मला नोकरीत चांगलं कळलंय. कोणत्या साली बांधली, किती चौरस फूट, छत कौलारू की पत्र्याचं. तेवढं मी लिहून टाकलं. जे त्या पानात बसलं नाही, ते इथं सांगते.

मी रुचिका. माहेर वाशिमकडच्या मालेगावचं, सासरही फार लांब नाही. मालेगावहून शेलूबाजाराकडं जाताना मध्ये जे लहानसं गाव लागतं, तिथल्या पोस्टात मी सबपोस्टमास्तर आहे. हाताखाली एक पोस्टमन, मुकेश. कामाला चोख, तोंडाला कुलूप नाही.

इमारत काळ्या दगडाची. जोतं उंच, समोर पायऱ्या, वर ओसरी आणि ओसरीला सागवानी खांब. इंग्रजांच्या काळी वाशिमहून डाकेचा टांगा यायचा, तेव्हा घोडे इथं बदलायचे. मागच्या भिंतीत घोडे बांधायची लोखंडी कडी अजून आहे, मुकेश तिला हेल्मेट अडकवतो. तारेच्या यंत्राची खोली होती, तिथं आता आधारचं मशीन बसलंय. पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि सगळ्या ऑफिसला जुन्या गोणपाटाचा वास सुटतो. उन्हाळ्यात मात्र अशी गार, की बँकेतली माणसंसुद्धा काहीतरी काम काढून इथं येऊन बसतात.

आता मुख्य गोष्ट. पूर्वी या पोस्टाखाली कितीतरी खेडी आणि तांडे होते आणि पोस्टमन एकटा. तांड्यावर जायला धड रस्ता नव्हता. मग एक रीत पडली. दुपारी डाकेची थैली उघडली की पोस्टमन वरच्या पायरीवर, खांबाला टेकून उभा राहायचा आणि एकेक नाव पुकारायचा. खाली बाजाराला, दळणाला, दवाखान्यात आलेली माणसं जमलेली असायची. ज्याचं नाव तो आला असेल तर तो, नाहीतर त्याच्या गावचा दुसरा कोणी म्हणायचा, "हाओ, आन इकडं." पत्र घरपोच व्हायचं. एका नावाला तीन हाका. तिसऱ्या हाकेलाही कोणी बोललं नाही, तर पत्र बाजूला. खात्याच्या कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नाही, पण कितीतरी पिढ्या चाललं.

ही हाक मारणारा शेवटचा पोस्टमन भगवंतराव. तीसेक वर्षांपूर्वी हाका मारता मारताच तो पायरीवर कोसळला आणि गेला. त्याच्यानंतर आलेल्या पोस्टमनला सायकल मिळाली, मग मोटारसायकल आली, आणि ती रीत संपली.

रीत संपली. हाक संपली नाही.

माझा इथला पहिलाच दिवस होता. दुपारची वेळ, काउंटरवर गर्दी नव्हती. मी शिक्क्याची तारीख तपासत होते. एकाएकी कौलांवरची कबुतरं गप्प झाली. पंखा फिरत होता, पण त्याची नेहमीची कुरकुर ऐकू येईना. मुकेश हातातला गठ्ठा टेबलावर ठेवून स्वस्थ बसला. बाहेर ओसरीवर कोणीतरी हाक मारली.

माणसाचा आवाज, भरदार. शब्द कळेना. भिंतीपलीकडं कोणी बोलावं आणि आपल्याला नुसता त्याचा चढउतार ऐकू यावा, तसं. थोडं थांबून दुसरी हाक आली, पहिलीहून मोठी. मग तिसरी, आणि ती मध्येच फाटली. पाठोपाठ काहीतरी जड खाली बसल्याचा आवाज आला.

मी धावत बाहेर गेले. ओसरी रिकामी. पायऱ्यांवर ऊन. खालच्या पायरीशी एक म्हातारी बाई भाजीची टोपली घेऊन बसली होती आणि माझ्याकडं न बघता मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती.

"कोण पडलं?" मी विचारलं.

"कोनी नाही," ती म्हणाली. "जा बाई आतमधी. झालं आता."

आत आले तर मुकेशनं डबा उघडला होता. "भगवंतराव होते मॅडम," तो म्हणाला. आमचे पोस्टमास्तर जेवायला गेलेत असं सांगावं, त्याच सुरात. "रोज राह्यतेत. इतवारी नसतेत, सुट्टी असते ना. या, जेवून घ्या."

मी त्याला असं झापलं की विचारू नका. भूतबित काही नसतं, मी विज्ञान शिकलेय, वगैरे वगैरे. मुकेशनं शांतपणे लोणचं वाढलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी कबुतरं गप्प झाली तेव्हा विज्ञान कुठं कामाला आलं नाही.

माणूस कशालाही सरावतो म्हणतात ते खरं नाही. मी सरावले नाही. हाक संपेपर्यंत माझ्या पाठीतून गार काहीतरी सरकायचं. फरक इतकाच झाला, की मी ओरडायचं सोडलं. गावानंही आपापली सोय लावून घेतली होती. त्या वेळेला कोणी पायऱ्या चढायचं नाही. चढलेला असला तर वरच थांबायचा. ओसरीवर लोळणारं कुत्रंसुद्धा थोडं आधी उठून वडाखाली जायचं.

आणि गावाला या हाकेचा अभिमानही होता. कारण खाली टोपली घेऊन बसणारी ती बाई म्हणजे भगवंतरावाची बायको, तुळसाबाई. गावाबाहेर ओढ्याकाठी त्यांची भाजीची वाडी. नवरा असतानाही ती तिथंच बसायची, तो गेल्यावरही बसत राहिली. भगवंतराव मेल्यावरही बायकोच्या नावानं हाक मारतो, असं सगळं गाव म्हणायचं. नव्या सुनांना इथं आणून दाखवायचे. पारावरचे टवाळ म्हातारे चिडवायचे, "तुळसाबाई, जा नं वं, बलावून राह्यला तो!" ती पदर सावरून हसायची.

माझी तिची गट्टी जमली ती मेथीवरून. संध्याकाळी ऑफिस बंद केलं की तिच्या टोपलीत एखादी जुडी उरलेली असायची. ती संपल्याशिवाय म्हातारी उठायची नाही. मग मीच ती घ्यायचे, म्हणजे तिला उजेडात घरी जाता यायचं. माझ्या घरी मेथीला सगळे कंटाळले होते, पण ते सोडा.

"मावशी, रोज टोपली रिकामी व्हायलाच पाहिजे का?" एकदा मी विचारलं.

"सवय हाय पोरी. डाक सरली का हे पायऱ्या उतरत अन् म्हनत, 'चाल वं.' आमच्यात नाव घेत नसत. साऱ्या मुलखाचे नावं पुकारले त्यायनं, माझं एकडाव नाही. नुसतं 'चाल वं'. माझी भाजी राह्यली असली का मी म्हने, तुमी व्हा पुढं, एवढी सरली का येतेच मागून. मंग ते रस्त्यानं पुढं, अन् मी मागून." तिनं जुडी माझ्या पिशवीत घातली. "घे. सरली आता."

तर, हुकूम आला. नवी जागा बसस्टँडच्या बाजूला, शटरचा गाळा. जुनी इमारत पाडून तिथं काहीतरी दुसरं होणार. पोस्टाचं सामान निघालं की दुसऱ्या दिवशी पाडायचं मशीन लावायचं, असं ठेकेदार सांगून गेला. तो गेल्यावर तुळसाबाई पहिल्यांदा पायऱ्या चढून वर आली. एकेका पायरीला हात लावत. काउंटरच्या जाळीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मुकेशले बाहेर पाठव."

मुकेश नाखुशीनं गेला.

"मॅडम, तो मले हाक नाही मारत," ती म्हणाली.

मला आधी कळेचना.

"तुमाले शब्द समजत नाही. मले समजते. त्याचा आवाज हाय, मले नाही समजन तं कोनाले? पहिल्या दिवसापासून समजते. तो म्हनते, धनीबाई अमरसिंग. तीनखेपा. धनीबाई अमरसिंग." तिनं जाळी घट्ट धरली होती. "गाव म्हनलं, तुले बलावते. मी म्हनू दिलं. कसं सांगू मी लोकायले, का माह्या नवरा मेल्यावर दुसऱ्याच बाईचं नाव घेऊन राह्यला?"

"मावशी, पोस्टमन होता तो. हजार नावं घ्यायचा."

"मंग हजारातलं हेच काहून? त्या दिवशी मी नव्हती इथं. वाडीत मिरच्या तोडाच्या होत्या. मी आली तं त्याले चादरीखाली निजवलं होतं. काय झालं, कसं झालं, कोनाले धड सांगता आलं नाही." तिचा आवाज खाली आला. "कोन हाय थे धनीबाई, म्या कधी हुडकलं नाही. भेव वाटे. हुडकलं अन् काही भलतंच निघालं तं? अन् दुसरं सांगू? त्याचं थे नाव सुटलं तं तो जाईन. मंग मले दुपारी काय राह्यते? परक्या बाईचं नाव असू दे, आवाज तं माह्या मानसाचा हाय."

मी जाळीखालून पाण्याचा गिलास पुढं सरकवला. तिनं तो बघितलाही नाही.

"पन आता भिंतच नाही राह्यनार. पायरी नाही, खांब नाही. तो कुठी उभा राह्यनार? उन्हात? तसाच हाका मारत हिंडनार काय रस्त्यानं?" आता ती रडू लागली, लहान मुलासारखी, तोंड उघडं टाकून. "म्या एकडाव खालूनच 'हाओ' देऊन पायलं. त्यानं ऐकलंच नाही. पोस्टमनच्या घरच्या मानसानं दुसऱ्याची डाक घ्याची नाही, असा त्याचाच नेम. थे बाई पायजे. तिले आनून दे पोरी. कोनीबी असू दे. मी तोंडातून एक शब्द काढनार नाही तिले."

धनीबाई अमरसिंगला शोधायला मला काहीच खटपट करावी लागली नाही. मुकेश दाराआडून सगळं ऐकतच होता. "वरच्या तांड्यावरची धनीबाई," तो लगेच म्हणाला. "निराधारचा पगार असते तिचा. पन मॅडम, थे बाई कधी पोस्टात येत नाही. म्या लई डाव म्हनलं, या, इथंच अंगठा लावा. नाही म्हनजे नाही. मलेच मशीन घेऊन तिच्या घरी जा लागते. बजारात आली तं या रस्त्यानं जात नाही, मांगून फेऱ्यानं जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मुकेशच्या गाडीवर मागं बसून वरच्या तांड्यावर गेले. तांडा निम्म्याहून रिकामा. दिवाळी झाली की जाणती माणसं ऊसतोडीला निघून जातात, मागं राहतात म्हातारी आणि शेळ्या. कुलूप लावलेल्या दारांची ओळ ओलांडून आम्ही शेवटच्या घरी गेलो. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई अंगणात तूर वाळवत होती. मला पाहून तिनं पदर कपाळाखाली ओढला.

मी पोस्टातून आले म्हटल्यावर तिचा हात तुरीतच थांबला. भगवंतरावाचं नाव काढलं आणि ती मटकन खाली बसली.

"म्या मारलं त्याले," ती म्हणाली.

मुकेशनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

तिनं सांगितलं ते असं. तिचं लग्न होऊन दोनतीन वर्षं झालेली. पोरगा बादल अंगावर पिणारा. नवरा अमरसिंग ऊसतोडीला गेलेला. पोराला ताप होता म्हणून ती सासऱ्याबरोबर, मोहनसिंगबरोबर, दवाखान्यात आली होती. तांड्याच्या वाटेनं परत जाताना सासरा पोस्टासमोर थांबला. अमरसिंगचं कार्ड आलं तर मोहनसिंगच्याच नावानं यायचं.

"म्या मांगं उभी. डोयापर्यंत घुंगटो. अन् वरून थो म्हनाला, धनीबाई अमरसिंग." ती स्वतःचं नाव हळू म्हणाली, चटका बसेल अशा बेतानं. "लगन झाल्यापासून थे नाव कोनी घेतलं नव्हतं. सासरी कोनाले मालूमच नव्हतं. आंधी नवी नवरी, मंग बादलची याडी, माय. अमरसिंगनं काय मनात आनलं देवाले मालूम, पह्यल्यांदा माह्या नावानं कार्ड धाडलं. तांड्यात अमरसिंग तीनचार, सासरा इकडंतिकडं पाहे. मलेच पुसलं त्यानं, 'कोन हाय वं हे धनीबाई? आपल्या तांड्यातली हाय काय?'"

"मग तुम्ही सांगायचं ना!" माझा तोल गेला. मला अशा ठिकाणी गप्प बसता येत नाही.

"कसं सांगू मॅडम? सासऱ्यासंगं म्या कधी बोललीच नव्हती. त्याच्यासमोर तोंडातून आवाज काढाचा नाही. अन् बोलू तं काय बोलू? माह्यं नाव मीच घेऊ?" ती अंगणातल्या मातीकडं बघत होती. "थो दुसऱ्यांदा ओरडला. त्याले दिसत होतं, म्या दचकली थे. त्यानं माह्याकडंच पायलं. म्या बोलन म्हनून तिसऱ्यांदा पुरा जीव लावून ओरडला. अन् खाली बसला. म्या एक 'हाओ' म्हनली असती तं त्याले तिसऱ्यांदा ओरडा लागलं नसतं."

"आणि ते कार्ड?"

"दुसऱ्या पोस्टमननं मंग घर हुडकून सासऱ्याच्या हाती देलं. काही नव्हतं त्यात. बरा हाओ, पोराले सांभाळ, एवढंच. अमरसिंग आला तं म्या म्हनलं, आता माह्या नावानं धाडत नोको जाऊ. त्यानं पुन्यांदा नाही धाडलं." अमरसिंग जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

मी तिला सांगितलं की तो अजून हाक मारतो. रोज. तेच नाव, तीनदा.

ती माझ्याकडं बघत राहिली. "आजबी?" मग म्हणाली, "मले वाटे माह्याच कानात हाय थे."

यायला ती तयार होईना. पाया पडू का म्हणाली, पण तिथं नेऊ नका. मी रागावले, समजावलं, पुन्हा रागावले. शेवटी निघता निघता मी तुळसाबाईचं सांगितलं. त्याची बायको तीस वर्षं त्या पायरीशी बसून दुसऱ्या बाईचं नाव ऐकतेय आणि तिला वाटतं त्याचं तुमच्याशी काही होतं. धनीबाईनं यावर कानाच्या पाळ्या धरल्या. "अरे देवा," म्हणाली, "असं कसं वाटू देलं तुमी तिले!" जणू सगळी चूक माझीच.

सामान हलवायच्या दिवशी ती आली. एकटी, तांड्याहून पायी.

टेबलं, खुर्च्या, आधारचं मशीन सकाळीच टेम्पोतून गेलं होतं. जड तिजोरी तेवढी राहिली होती. मुकेशनं भिंतीतल्या कडीवरून हेल्मेट काढलं आणि कडीवर उगीच हात फिरवला. रिकाम्या खोल्यांत आमचे आवाज मोठे वाटत होते, म्हणून आम्ही हळूच बोलत होतो. ठेकेदाराचं मशीन पलीकडं मैदानात येऊन उभं होतं. मी ओसरीवर आले तेव्हा खाली दोघी समोरासमोर होत्या. तुळसाबाई टोपलीशी बसलेली, धनीबाई उभी, पदर नाकापर्यंत.

"तूच काय धनीबाई?"

पदर हलला.

तुळसाबाईनं तिला खालून वर पाहिलं. एक शब्द बोलणार नाही म्हणाली होती खरी. "काय होता माह्या नवरा तुह्या?" तिनं विचारलं.

धनीबाई खालच्या पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. सासरा, घुंगटो, कार्ड, तिसरी हाक. सांगून झाल्यावर मान खाली घालून बसली. आता ही शिव्या देणार, कदाचित हात उचलणार, असं मला वाटलं. मी दोन पायऱ्या उतरलेसुद्धा.

तुळसाबाई बराच वेळ मेथीच्या जुडीची दोरी सोडत आणि बांधत राहिली. "सासरा होता बाजूले?" तिनं पुन्हा विचारलं.

"हाओ."

"मंग कशी बोलशील तू?" ती म्हणाली. "मीबी नसती बोलली."

आणि मग हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "अन् मी म्हनलं, कोन भवानी हाय न् काय हाय! अवं, मी तीस वर्सं तुह्यावर जयत बसली!" धनीबाईही पदराआड हसली की रडली ते दिसलं नाही. त्या दोघींना तसं बघून मीही डोळे पुसले. लाज कसली त्यात.

तेवढ्यात कबुतरं गप्प झाली.

वडाखालचं कुत्रं उठून उभं राहिलं. मैदानात मशीनवाल्यानं मोबाइलवर लावलेलं गाणं चालू होतं, तेही कोणी दाबून धरल्यासारखं बारीक झालं. माझ्या अगदी पाठीमागं, खांबापाशी, कोणीतरी घसा साफ केला. इतकी वर्षं मी आतूनच ऐकत आले होते. त्या वेळी पायरीवर मी पहिल्यांदाच होते. मागं वळून बघायचं धाडस मला झालं नाही.

पहिली हाक आली. मला पहिल्यांदा शब्द कळले.

"धनीबाई अमरसिंग!"

धनीबाईचे हात पदरात घट्ट वळले. ओठ हलले, आवाज निघाला नाही. तीस वर्षांनी सासरा नव्हता, नवरा नव्हता, घरात तिच्याहून मोठं कोणी उरलं नव्हतं. तरी तिच्या तोंडून स्वतःचं नाव निघेना.

"धनीबाई अमरसिंग!"

दुसरी हाक दगडांतून पायात जाणवली. "बोल," मी म्हणाले, पण माझाही आवाज आतच राहिला. मागं तो मोठा श्वास घेत होता. तिसऱ्या हाकेसाठी. तो श्वास मी अजून विसरलेली नाही. पुढं काय होणार, तो कसा फाटणार, सगळं मला पाठ होतं.

तुळसाबाई उठली. तिनं दोन्ही हातांनी धनीबाईचा पदर धरला आणि पार मागं, खांद्यावर टाकला. पिकलेले केस, घामेजलेलं कपाळ, सगळं उन्हात आलं. "इथं कोनी सासरा नाही वं," ती ओरडली. "बोल!"

"धनी..." वरून सुरू झालं.

"हाओ!" धनीबाई किंचाळली. "हाओ, मीच धनीबाई! अमरसिंगची धनीबाई! आन इकडं!" आणि तिनं तळहात वर केला.

हाक तिथंच थांबली. काही कोसळलं नाही. आम्ही तिघी वाट पाहत राहिलो त्या जड आवाजाची, पण तो आला नाही. धनीबाईचा हात पसरलेलाच होता. मग तिनं तो हळूच मिटला आणि छातीशी धरला. हातात काही नव्हतं, मी बघितलंय. पण तिनं पुढं कितीतरी वेळ ती मूठ उघडली नाही.

"सरली डाक," वरून आवाज आला. साधा, दमलेला, दिवसाचं काम उरकलेल्या माणसाचा.

मग पावलं उतरू लागली. माझ्या बाजूनं गेली तेव्हा अंगाला गार वारा लागला आणि खाकी कपड्याचा, घामाचा आणि लाखेचा वास आला. पावलं खाली टोपलीपाशी थांबली.

"चाल वं."

तुळसाबाईचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तिला नवरीसारखी लाज आली होती. ती एक पाऊल पुढं आली. टोपली उचलायला वाकली. तिला जायचं होतं, हे लख्ख दिसत होतं. मी घाबरले. ओरडून तिला धरावं असं वाटलं, पण हात उचलवेना. वाकलेली असतानाच तिची नजर टोपलीत गेली.

एक जुडी उरली होती.

"तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. रोजच्यासारखी, नवऱ्याकडं न बघता. "एवढी भाजी सरली का येतेच मागून."

पावलं जरा वेळ उभी राहिली. मग रस्त्यानं वाडीच्या दिशेला गेली. धुळीत काही उमटलं नाही, पण कुत्र्याची मान त्यांच्याबरोबर वळत गेली, ओढ्याच्या वळणापर्यंत. कबुतरं पुन्हा घुमू लागली.

तुळसाबाई खाली बसली. माझ्याकडं बघून म्हणाली, "घेतं काय मेथी? एकच हाय."

सवयीनं माझा हात पर्समध्ये गेला होता. तो मी तसाच बाहेर काढला.

"नको मावशी," मी म्हणाले. "घरी कोणी खात नाही."

आता पोस्ट शटरच्या गाळ्यात आहे. उकडतं फार. तुळसाबाई बाहेर टपरीच्या सावलीत बसते, संध्याकाळी मुकेश तिला टोपलीसकट गाडीवरून घरी सोडतो. बाजाराच्या दिवशी धनीबाई येते, अंगठा लावायला थेट काउंटरवर, पदर मागं टाकून. मी मुद्दाम मोठ्यानं नाव पुकारते आणि ती मुद्दाम मोठ्यानं 'हाओ' म्हणते. मुकेशला मी ताकीद दिलेली आहे, टपरीवाल्याला सांगितलंय, बँकेतल्या बायकांनाही सांगून ठेवलंय. म्हातारीकडून भाजी खुशाल घ्या, पण टोपलीतली शेवटची जुडी कोणी घ्यायची नाही.